कोऱ्या रकान्याची नोटीस: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: रक्तदाबाचे रकाने कोरे ठेवल्याबद्दल परिचारिकेला बजावलेली कारणे दाखवा नोटीस

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका शासकीय रुग्णालयात आमच्या एका सहकारी सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली. रुग्णालयाचे नाव इथे घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकले असते. मेडिसिन वॉर्डच्या तक्त्यात रात्री दोन आणि पहाटे सहाच्या रकान्यांत बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब लिहिलेला नव्हता. नोटिशीत त्याला 'कर्तव्यात कसूर' म्हटले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. त्याच तपासणीत शेजारच्या वॉर्डातल्या फायली पाहिल्या गेल्या. तिथे रात्रभर ओळीने १२०/८०, १३०/८०, १२०/८० असे लिहिलेले होते. त्यांवर बरोबरची खूण झाली.

त्या रात्री वॉर्डात मंजूर खाटा ३० होत्या आणि रुग्ण ४६, म्हणजे १६ जण जमिनीवरच्या गाद्यांवर. ड्यूटीवर एक सिस्टर आणि एक मावशी. आयसीयू भरलेला असल्याने हृदयविकाराचा झटका आलेला एक रुग्ण वॉर्डातच ठेवला आणि डॉक्टरांनी त्याला स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध, सुरू करायला सांगितले. हे इंजेक्शन टोचले आणि पुढच्या खाटेकडे वळलो, असे होत नाही. १५ लाख युनिटची कुपी. त्यात सलाईन कडेने हळूहळू सोडायचे, कुपी हलवायची नाही, तळहातांत फिरवायची. हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जाते. मग ते १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात द्यायचे. या औषधाने दाब झपकन उतरतो, म्हणून पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी बीपी, पुढे दर पंधरा मिनिटांनी. वरचा दाब ९०च्या खाली गेला तर ठिबक थांबवा, पाय उंच करा, डॉक्टरांना बोलवा. हिरड्यांतून, सुईच्या जागेतून, लघवीतून रक्त येते का बघत राहा. मॉनिटरवर ठोके बिघडले तर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारा डीफिब्रिलेटर हाताशी हवा. सिस्टर दोन तासांहून जास्त त्या एका खाटेजवळ उभी होती. माणूस वाचला. तक्ते कोरे राहिले, कारण न बघितलेला दाब तिने लिहिला नाही.

आता सोपा हिशेब मांडतो. एका रुग्णाचे तापमान, नाडी, पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नोंद, हात धुणे आणि पुढच्या खाटेपर्यंत जाणे याला पाच मिनिटे लागतात. ४६ रुग्णांना २३० मिनिटे, म्हणजे पावणेचार तासांच्या वर. तक्ता चार तासांनी भरायचा असतो. रात्रीच्या बारा तासांच्या पाळीत तीन फेऱ्या म्हणजे साडेअकरा तास. उरलेल्या अर्ध्या तासात इंजेक्शने, सलाईन, रात्रीच्या गोळ्या, नवीन दाखल, एखादा मृत्यू, त्याचे कागद, नातेवाइकांशी बोलणे आणि सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देणे. हे मंत्रालयात कुणी कधी पेन घेऊन मांडून पाहिले आहे का?

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण जुने आहे आणि सर्वांना ठाऊक आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा. तीन पाळ्यांत वाटून पाहिले तरी ४६ रुग्णांच्या वॉर्डात रात्री किमान तीन जणी लागतातच. होती एकच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, महोदय?

रक्तदाब मोजणे हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून ते नीट सांगावे लागते आहे. ओपीडीत आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटे गप्प बसवायचे. पाठीला टेकू, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवी झालेली, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही. दंड उघडा, शर्टाच्या बाहीवरून कफ (दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा) नाही. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंमी वर. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. हात दहा सेंमी खाली लोंबकळत राहिला तर दाब सात-आठ मिमीने (पाऱ्याच्या मिलिमीटरने) जास्त दिसतो. मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून हवा भरायची, नाडी गेली की आणखी ३० मिमी. मग सेकंदाला दोन मिमी अशी हवा सोडायची. स्टेथोस्कोपमध्ये पहिला ठोका ऐकू आला तो वरचा दाब, आवाज नाहीसा झाला तो खालचा. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये हे आवाज सांगितले, तेव्हापासून पद्धत मुळात तीच आहे. मिनिटभराने पुन्हा मोजायचे आणि सरासरी धरायची. पहिल्यांदा आलेल्याचे दोन्ही हात बघायचे. नाडी अनियमित असेल तर डिजिटल यंत्रावर विसंबायचे नाही, कानाने ऐकून तीनदा घ्यायचे. हे सगळे दहा मिनिटांचे काम आहे. ओपीडीत शंभर रुग्ण असतील तर हजार मिनिटे, साडेसोळा तासांहून अधिक. ओपीडी चालते चार-पाच तास.

म्हणून काय होते, तर धावत आलेल्या माणसाचा हात धरून, बाहीवर कफ गुंडाळून अर्ध्या मिनिटात हवा सोडली जाते. सुई भरकन उतरते, मधले ठोके निसटतात, आकडा शून्यावर गोल होतो. तुम्हाला पडताळा हवा असेल तर कोणतेही रजिस्टर उघडा. सुईच्या यंत्रावर दोन-दोन मिमीच्या रेघा असतात, त्यामुळे खऱ्या मोजणीत शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ सारख्याच वेळा यायला हवा, म्हणजे शून्य साधारण पाचात एकदा. दहापैकी आठ-नऊ आकडे शून्यावर संपत असतील तर ते मोजलेले नाहीत, अंदाजाने लिहिलेले आहेत. ही परीक्षा पाच मिनिटांत होते, पण तपासणी पथक ती करत नाही. ते रकाना भरला की नाही एवढेच बघते. खोटे लिहिणारी सुटते आणि खरे सांगणारीला नोटीस येते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि यंत्रे! वेल्क्रो धरत नाही म्हणून कफला चिकटपट्टी. रबरी पिशवीला बारीक भोक. हवा सोडायचा स्क्रू पूर्ण बसत नाही, त्यामुळे दोन मिमीचा वेग ठेवताच येत नाही. सुई विसाव्याच्या वेळी शून्यावर येत नाही, आठ-दहावर थांबते, आणि तेवढे मनातल्या मनात वजा करून लिहिले जाते. पाऱ्याची यंत्रे जाणे योग्यच होते. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या २०१३च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, त्याविषयी तक्रार नाही. पण पाऱ्याच्या जागी आलेली सुईची यंत्रे दर सहा महिन्यांनी पडताळावी लागतात, डिजिटल दर वर्षी. ते कठीण नाही. कफ बाटलीला गुंडाळा, २५० पर्यंत हवा भरा, झडप बंद करा. मिनिटात चार मिमीहून जास्त उतरले तर गळती आहे. मग वाय नळीने प्रमाण यंत्राला जोडून ५०, १००, १५०, २०० वर दोन्ही आकडे बघा. तीन मिमीहून जास्त फरक असेल तर यंत्र बाजूला. जिल्ह्याला एक प्रमाण यंत्र आणि एक तंत्रज्ञ दिला तरी हे होते. आम्ही इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरतो, स्टोअरमधून 'शिल्लक नाही' असा शेरा येतो, आणि सेल आम्ही स्वतःच्या पैशांनी आणतो.

कफच्या मापाकडे तर कुणाचे लक्षच नाही. नेहमीचा मोठ्यांचा कफ २७ ते ३४ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर तो लहान पडतो आणि दाब वाढलेला दाखवतो. फारच लहान कफ असेल तर १५-२० मिमीपर्यंत. त्या माणसाला नाहक जन्मभराची अम्लोडिपिन ही दाब उतरवणारी गोळी सुरू होते, मग वाढलेला दाब नसताना गोळी घेऊन तो उठताना चक्कर येऊन पडतो. उलट बाजू आम्हाला जास्त छळते. मेळघाटात, नंदुरबारच्या पाड्यांवर तेवीस सेंमी दंडाची गर्भार बाई येते. तिला २२ ते २६चा लहान कफ हवा. तो नसतोच, मग मोठा गुंडाळतात आणि दाब कमी दिसतो. खरा १४२ असताना १३८ दिसला तर ती १४०च्या सीमारेषेच्या आत राहते आणि घरी पाठवली जाते. आठवड्याने झटके येऊन परत येते. तेव्हा आरोग्यसेविकेला झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या दहा अँप्युल फोडून प्रत्येक कुल्ल्यात पाच-पाच ग्रॅम खोल टोचून गाडीत घालावे लागते. पुढे रुग्णालयात दर डोसाआधी गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का (रिफ्लेक्स), मिनिटाला किमान १६ श्वास आणि तासाला किमान ३० मिली लघवी बघावी लागते, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी ठेवावे लागते. वेळेवर एक लहान कफ मिळाला असता, तर यातले बरेच टळले असते.

कार्यक्रमांची कमी नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. १७ मे २०२३ रोजी केंद्राने २०२५ पर्यंत उच्च रक्तदाब किंवा मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना उपचाराखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी, पोर्टलवर नोंद, महिन्याची टक्केवारी. उद्देश चांगला आहे, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण टक्केवारी कमी दिसली की व्हीसीवर (व्हिडिओ बैठकीत) ओरडा आशा, आरोग्यसेविका आणि सिस्टर यांनाच खावा लागतो. मग टक्केवारी वाढते आणि दाब मोजला जात नाही.

आणि काही विपरीत घडले की शोध कुठे थांबतो, हे राज्याने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळे गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या आयसीयूतल्या आगीत किमान अकरा रुग्ण. दोन्ही वेळा कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या, नगरला तर अटकही झाली. वायरिंग परिचारिका करत नाहीत, अग्निसुरक्षेचा निधी त्या अडवत नाहीत. बाह्यस्रोतातून भरतीविरुद्ध मे २०२२ मध्ये संप झाला, जुलै २०२५ मध्ये पुन्हा करावा लागला. दर वेळी पदे भरण्याचे आश्वासन मिळते आणि अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर हातात पडते. कंत्राटी सिस्टर 'यंत्र बिघडले आहे' असे लिहून द्यायला घाबरते, कारण तिची पुढची ऑर्डर त्याच कार्यालयातून निघते. आणि तुम्ही आमच्याकडून खरा आकडा मागता!

तेव्हा मागणी एवढीच. प्रत्येक वॉर्डात आणि उपकेंद्रात तीन मापांचे कफ आणि दंडाचा घेर मोजायची टेप द्या. सहा महिन्यांनी पडताळणी करा आणि तारखेची चिठ्ठी यंत्रावर लावा. तक्त्यात 'मोजता आला नाही' असा अधिकृत रकाना ठेवा, त्यात न मोजल्याचे कारण लिहायची सोय असू द्या, आणि तो भरल्याबद्दल कुणावर कारवाई होणार नाही असे परिपत्रक काढा. महिन्याला त्या रकान्यांची बेरीज करा. कोणत्या वॉर्डात किती परिचारिका कमी आहेत, हे तुम्हाला कोणतीही समिती न नेमता कळेल. आणि रिक्त पदे कायमस्वरूपी भरा.

नोटिशीच्या खुलाशाची मुदत सोमवारी संपते. खुलाशासोबत या पत्राची प्रत जोडली आहे, आणि त्या रात्रीचा स्ट्रेप्टोकायनेजचा तक्ताही. त्यात दर पाच मिनिटांच्या नोंदी आहेत: ११८/७६, १०४/६८, ९२/६०, ८६/५४, ठिबक थांबवले, ९८/६४, पुन्हा सुरू.

आपल्या,
शासकीय रुग्णालयांतील काही परिचारिका