अण्णांना पास विचारला

खडकी, पुणे
जानेवारी

दिन्या,

आपल्या खेळायच्या दिवसांत मैदान राखणाऱ्या, चुना मारणाऱ्या अण्णांना परवाच्या रविवारी नेहरूनगरच्या हॉकी स्टेडियमच्या गेटवर अडवलं. पास नाही म्हणून. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "मग काय झालं, पास काढायचा ना!" पोरीला सांगितलं तर तिने मोबाइलमधून मान वर न करता "अरेरे" केलं. तेव्हाच ठरवलं, हे दिन्यालाच लिहायला हवं. दसऱ्यापासून तुला फोन नाही, तुझे येऊन गेले तरी उलटून केला नाही. त्याबद्दलच्या शिव्या आत्ताच देऊन टाक, पत्र संपेपर्यंत साठवू नकोस.

माझी तब्येत बरी. साखर आहे तिथेच आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून पहिलं वाक्य, "किती सुटलायस." झाली खुशाली.

तर निवृत्त माणूस रिकामा दिसला की क्लबवाल्यांचा जीव कसा वरखाली होतो तुला माहीत आहे. जाड्या आता सेक्रेटरी. होय, तोच, वर्गणीची भजी खाणारा. त्याने माझ्या गळ्यात काम घातलं: यंदा ज्युनियर संघाचे घरचे सामने नेहरूनगरला ध्यानचंद स्टेडियमवर आहेत, तर बघायला येणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक लिहून दे. मी म्हटलं देतो. त्यात काय!

आणि रंगात येऊन लिहिलं, खोटं कशाला बोलू. मेट्रोने संत तुकाराम नगरला उतरा, पुढे रिक्षा करा. गाडी आणलीत तर लवकर या, नाहीतर कुणाच्या तरी दारात लावाल आणि शिव्या खाल. (शिव्यांचं जाड्याने खोडलं.) थोडं आधी येऊन बसा, कारण सामन्याआधी टर्फवर, म्हणजे त्या कृत्रिम गवतावर, पाणी मारतात. बॉल नीट घसरावा आणि पडलेल्या पोराच्या गुडघ्याची सालं निघू नयेत म्हणून. आपण चुन्याच्या धुळीत वाढलेली माणसं, मला ते फवारे बघून अजूनही वाटतं की कुणीतरी नळ बंद करायला विसरलंय.

गोलच्या मागे बसू नका. हॉकीचा बॉल वजनाला क्रिकेटच्या बॉलइतकाच, १५६ ते १६३ ग्रॅम, आणि ही पोरं ड्रॅगफ्लिक मारतात, बॉल स्टिकने ओढत आणून भिरकावतात. जाळीवरून गेलेला बॉल खाली कुणाचं टक्कल आहे ते बघत नाही. फोटोसाठी टर्फवर उतरू नका, शेंगा सोलू नका. गुटख्यावर तर मी अख्खा परिच्छेद लिहिला होता, भाषा जरा कडक झाली होती, तो गेला.

मग वेळेचं. आपले ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ गेले, आता १५ मिनिटांचे चार क्वार्टर. हे मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं, कारण बापलोकांना शिट्टी वाजली की चहा आठवतो. पहिल्या क्वार्टरनंतर सुट्टी दोन मिनिटांची, हे जातात गेटबाहेर कटिंग मारायला, परत येईतो गोल झालेला असतो आणि मग पोराला विचारतात, कुणी मारला रे? त्याने स्वतःच मारलेला असतो.

आयांचं वेगळं. पोराला बाहेर बोलावलं की त्यांचा चेहरा उतरतो. एक बाई कोचकडे जाऊन म्हणाल्या, "आमच्या ह्याचं काय चुकलं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याला दम लागला होता. म्हणून लिहिलं: हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करतो, बाहेर आला म्हणजे काढून टाकला असं नव्हे. हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं तर किमान पाच, आणि लाल मिळालं तर थेट घरी जाऊन तोंड दाखवायचं. प्रेक्षकांनी शिट्टी वाजवायची नाही. मैदानात दोन अंपायर, दोन शिट्ट्या; तिसरी वाजली की पोरं जागच्या जागी थांबतात आणि समोरचा बॉल घेऊन पळतो.

एका पोराचा काका ढोलपथकात आहे. त्याने विचारलं, ताशा आणू का? मी लिहिलं, क्वार्टरच्या मधल्या सुट्टीत चालेल. जाड्याने तेही खोडलं. म्हणाला, पुण्यात पथकाला दोन मिनिटांत थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. यात तो बरोबर आहे.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग डिसेंबरात ती मारामारी झाली. शॉर्ट कॉर्नर, म्हणजे गोलची हक्काची संधी, दिला नाही म्हणून आपल्याकडचा एक बाप कुंपण ओलांडून अंपायरवर धावून गेला. समोरच्या संघाचा एक बाप त्याला आवरायला आला आणि आवरता आवरता दोन लगावून बसला. अंपायर कोण, तर १९-२० वर्षांची मुलगी. ती जागची हलली नाही, दिन्या. हात वर करून वेळ थांबवली आणि दोघं दमेपर्यंत तशीच उभी राहिली. मग शांतपणे साधा लाँग कॉर्नर दाखवला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यावर कमिटीने ठरवलं: प्रत्येक खेळाडूमागे घरच्यांसाठी दोन पास, फोटोसकट, गळ्यात अडकवायचे. बाकी कुणाला आत सोडायचं नाही. जाड्याला काहीतरी करणं भाग होतं, हे मलाही पटतं. पण मला सांग, मारामारी केली कुणी? बापांनी. पास कुणाला? बापांना! अडकले ते, ज्यांचं त्या संघात कुणीच नाही आणि तरीही जे येतात.

अण्णांचं त्या संघात कोण आहे?

एकटे आले होते, खडकीहून मेट्रोने. आता खडकीलाही मेट्रो थांबते, तू गेलास तेव्हा नुसते खड्डे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तीच कापडी पिशवी. पिशवीत टेपचं रीळ आणि कात्री. अजून बाळगतात. पोरांच्या स्टिका आता कार्बनच्या, तुटल्या की बांधत बसत नाहीत, नवी घेतात. तरी पिशवी आहेच. गेटवरची पोरं बारावीतली असतील. उद्धट नव्हती हं, "आजोबा, पास?" असं नीट विचारलं, बाहेर खुर्चीसुद्धा देऊ केली. अण्णा काही न बोलता वळले आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले. मला कळलं हाफटाइमला, तेही चहावाल्याकडून.

मी धावत गेलो. म्हटलं, चला माझ्याबरोबर.

"तुला पास आहे?"

"आहे."

"मग तू जा. मला नाही."

मी गळ्यातला काढून त्यांच्या हातात ठेवला. चष्मा वर करून फोटो निरखला आणि म्हणाले, "हा तर तू आहेस." आणि परत दिला. मी अक्षरशः विनवतोय आणि हे बशीत चहा ओततायत. शेवटी काय म्हणावं? "मी पण चपला घालून मैदानात येणाऱ्यांना हाकलायचोच की. तुला नव्हतं हाकललं?"

आता हे घरी कुणाला सांगू? ही म्हणेल, बघ, त्यांनाच पटलंय, तू कशाला जीव खातोस. कुणा साहेबाची जीप मैदानात शिरत होती तेव्हा चुन्याची पाटी घेऊन आडवा उभा राहिलेला माणूस तुला आणि मलाच माहीत. आणि फायनलला तिकीट लावलं तेव्हा त्याच माणसाने आपल्याला मागच्या तारेखालून आत ओढलं, हेही आपल्यालाच माहीत. पँट फाटली ती तुझी. घरी सांगितलंस माझी म्हणून.

हो, बरं आठवलं. टपरीवर बसलोच होतो, तर मी विचारून घेतलं. त्या फायनलच्या शेवटच्या शॉर्ट कॉर्नरला बॉल थांबला होता की नव्हता? तू आजवर सगळ्या लग्नाकार्यात सांगत आलास की मी बॉल नीट थांबवला नाही म्हणून तुझा फटका उडाला. मी म्हणतो, बॉल मेल्यासारखा पडला होता, तूच मान वर केलीस. आणि तसाही शॉर्ट कॉर्नरचा पहिला फटका गोलच्या १८ इंची फळीच्या वर गेला की गोल नसतोच, तेव्हा तो बारखालून गेला असता तरी तुझं काय होणार होतं? अण्णा तेव्हा गोलमागेच चुना घेऊन उभे होते. त्यांनी दोन घोट घेतले आणि निकाल दिला: "दोघंही वाईट." घे. आता मिटलं.

मंगळवारी जाड्याकडे गेलो भांडायला. म्हटलं, अरे हॉकीचा धनराज पिल्ले कुठला? आपल्या खडकीचा. वडील मैदान राखायचे. तुटक्या स्टिका बांधून, टाकून दिलेले बॉल घेऊन फॅक्टरी कॉलनीत खेळत वाढलेला पोरगा, चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळला. बँकॉकला १९९८ साली एशियाडचं सोनं आलं ते त्याच्या कप्तानीत. त्याच्या बापाला कुणी गेटवर पास विचारला असता तर? जाड्या म्हणतो, "खेळाडूचे वडील ना? मग त्यांना पास मिळालाच असता." यावर काय बोलणार! वकिलाचा मुलगा शेवटी.

मग मी हुकमी पान काढलं. २०२५ चा ज्युनियर वर्ल्ड कप चेन्नई आणि मदुराईला झाला, २४ संघ, आपल्या पोरांनी अर्जेंटिनाला ४-२ हरवून ब्राँझ मिळवलं, आणि प्रवेश फुकट होता. वर्ल्ड कप फुकट आणि आपल्या गल्लीतली पोरं बघायला गळ्यात फोटो! तर त्याने सांगितलं, तिकीट फुकट होतं, पण ऑनलाइन घ्यावं लागायचं. म्हणजे बटणांचा फोन बाळगणारे अण्णा तिथेही बाहेरच.

पास आल्यापासून बसायला जागाच जागा आहे. प्रत्येक बाप आपल्या पोरापुरता बघतो, त्याचं पोर बाहेर आलं की मोबाइल काढतो. गोलकीपर तर कुणाचाच नसल्यासारखा असतो, त्याचे आईवडील दुकान सोडून येऊ शकत नाहीत. परवा त्याने एक पेनल्टी स्ट्रोक अडवला. तशी टाळी मी अण्णांशिवाय कुणाला वाजवताना बघितलेली नाही, आणि अण्णा रस्त्यापलीकडे.

राजीनामा द्यावा असंही मनात आलं. पण मग पत्रक जाड्या लिहील आणि त्याचं शुद्धलेखन तुला माहीत आहे. म्हणून पासाच्या ओळीऐवजी मी दुसरी लिहून दिली आहे: "खेळ बघायला येणाऱ्या कोणालाही प्रवेश आहे, गेटवरच्या वहीत नाव लिहावे. कुंपण ओलांडणाऱ्याला बाहेर काढण्यात येईल, मग तो कोणाचाही बाप असो." शेवटचे शब्द जाड्या खोडणार, मी परत लिहिणार. गुरुवारी मीटिंग आहे. जाड्याचं मत मला मिळेल असं वाटतं. तो वर वर नियम सांगतो, पण अण्णांचं कळल्यावर त्याने भजी परत केली. जाड्याने!

पण ओळ मंजूर झाली तरी अण्णा येणार नाहीत, ही माझी खरी काळजी आहे. एकदा वळलेला माणूस तो. क्लबची रौप्यमहोत्सवाची शाल त्यांनी कशी परत पाठवली होती आठव. मी निरोप नेला तर म्हणतील, तुझी वशिलेबाजी नको. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. का ते देवाला ठाऊक, फटका तर तूच उडवलास.

म्हणून तू फोन कर. गुरुवारनंतर, सकाळी, पूजा उरकली की ते गॅलरीत येऊन बसतात तेव्हा. एकदम गेटचा विषय काढू नकोस, ठेवून देतील. आधी गुडघ्याचं विचार, मग तुझ्या नातवासाठी स्टिक किती इंची घ्यावी ते विचार. त्यावर अर्धा तास बोलतील. मग सांग, गेटवर आता वही ठेवली आहे, आणि पहिलं नाव कुणीतरी लिहायला हवं. नाही म्हणाले तर तू स्वतः येऊन त्यांना घेऊन चल. नाशिकहून काय, सकाळी निघालास तर जेवायला आमच्याकडे.

धाकट्याचं लग्न ठरलं ऐकलं, जाम आनंद झाला. तारीख कळव, फक्त रविवार नको. वहिनींचा खांदा कसा आहे? तुझ्या घराचं ते प्रकरण मिटलं का? भेटलास की सविस्तर सांग.

पुढचा घरचा सामना येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. दहाला. लवकर या, पाणी मारतात.

तुझा,
बंड्या

ता.क. तुझी जुनी स्टिक माझ्याकडे नाही, परत परत विचारू नकोस. जाड्याकडे आहे. माळ्यावर, मी बघितली.