सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग थेट आयव्हीएफच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कणकवलीजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मध्यंतरी आमच्याकडे वंध्यत्व निवारण शिबिराचे बॅनर लागले होते, मोफत सल्ला आणि शिबिरात नाव नोंदवलं तर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) पॅकेजवर खास सवलत असं त्यावर मोठ्या अक्षरात. त्यानंतर रक्त तपासायला आलेल्या बऱ्याच जणींच्या फायली मी बघितल्या आणि तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय म्हणून लिहायला बसले.

मालवणकडची एक मुलगी आली होती, वय सत्तावीस, बरोबर सासू. पाळी वेळेवर, थायरॉईड नॉर्मल, एचएसजीमध्ये (गर्भनळ्यांचा एक्स-रे) दोन्ही नळ्या मोकळ्या, सोनोग्राफी चांगली, नवऱ्याचा सीमेन (वीर्याचा) रिपोर्टही नॉर्मल. सासूने मला विचारलं, "सगळा नॉर्मल आसा मां, मगे दिवस कित्याक रवनत नाय?" फाईलमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पॅकेजचा कागद होता. आययूआयचा, म्हणजे नवऱ्याचं वीर्य धुऊन थेट गर्भाशयात सोडतात त्या साध्या उपचाराचा, एका ओळीतही उल्लेख नाही. आणि नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे, महिन्यातले किती दिवस तो घरी असतो हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या कोकणात पहिला प्रश्न हाच पाहिजे हो. वर्षभर प्रयत्न करून मूल राहिलं नाही तर तपासण्या करा, बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करा, असं डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे, पण ते वर्ष म्हणजे दोन-तीन दिवसांआड संबंध येणाऱ्या, एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं वर्ष. आपल्याकडे नवरा मुंबईला खोलीवर आणि बायको गावी, तो गणपतीला येणार, शिमग्याला येणार, मे महिन्यात जमलं तर जमलं. दर पाळीत गर्भ राहू शकेल असे दिवस फार तर सहा असतात, स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं आणि शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत, आता तो नेमका त्याच दिवसांत गाडीतून उतरेल याची काय खात्री? अशा जोडप्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली असली तरी प्रयत्नाचे महिने बोटावर मोजण्याइतके असतात आणि फाईलवर मात्र "कारण न सापडलेलं वंध्यत्व" लिहून मोकळे. खलाशांच्या घरी तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते दोन महिने खरे हाताशी असतात, ते आधी नीट वापरा असं सांगायला एक पैसा लागत नाही.

आता ज्यांनी खरंच एकत्र राहून प्रयत्न केलेत त्यांच्याबद्दल. थांबणं, गोळ्या, आययूआय, आयव्हीएफ असे पर्याय असतात आणि ते एकमेकांसमोर ठेवून मोठे अभ्यास झालेत. स्कॉटलंडमध्ये ५८० बायकांवर झालेला अभ्यास २००८ साली छापून आला. सहा महिने काहीच उपचार न घेतलेल्यांत १७ टक्के जणींना मूल झालं, स्त्रीबीज तयार व्हायला देतात त्या नुसत्या क्लोमिफेनच्या गोळ्या घेतलेल्यांत १४ टक्के, गोळ्यांशिवाय आययूआय केलेल्यांत २३ टक्के, आणि हा फरक ठामपणे उपचारामुळेच म्हणावा इतका मोठा नव्हता. म्हणजे नुसत्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवण्यात फारसा अर्थ नाही, तरी आमच्याकडे वर्ष वर्ष त्याच गोळ्या खाणाऱ्या येतात.

मग न्यूझीलंडचा २०१८ चा अभ्यास बघा, तिथे २०१ जोडपी होती आणि आपोआप राहण्याची शक्यता कमी आहे असा हिशोब करूनच ती निवडली होती. गोळ्या आणि आययूआय दोन्ही मिळून तीन सायकल (एका पाळीतला उपचार म्हणजे एक सायकल) केल्या तर ३१ टक्के जणींना मूल, नुसतं थांबलेल्यांत ९ टक्के. हा फरक साधा नाही! म्हणूनच अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटना अशा जोडप्यांना आधी गोळ्यांसकट आययूआय करा म्हणतात, अमेरिकेतली तर तीन-चार सायकल करा आणि मग आयव्हीएफ असं सांगते. पहिल्या दोन सायकलला नाही झालं की रडत घरी बसणाऱ्या मुलींनी हे मनात ठेवावं.

इंजेक्शनचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेत ९०० जोडप्यांवर अभ्यास झाला, २०१५ सालचा. आययूआयबरोबर हॉर्मोनची इंजेक्शनं दिली तर ३२ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर २३ आणि लेट्रोझोल या दुसऱ्या गोळीवर १९. वाचून वाटेल की इंजेक्शनंच बरी. पण इंजेक्शनवर राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास तिसरा हिस्सा जुळी किंवा तिळी होती, क्लोमिफेनवर ९ टक्के आणि लेट्रोझोलवर १३. जुळी म्हटलं की घरचे पेढे वाटायला निघतात, पण ती बऱ्याचदा लवकर जन्मतात, वजनाला कमी असतात, काचेच्या पेटीत ठेवावी लागतात. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या माणसाने अशी दोन बाळं घेऊन गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं, राजापूरच्या माणसाने कोल्हापूरचा घाट चढायचा, तेही पावसात. तो धोका आधी सांगितलाच पाहिजे.

आयव्हीएफच्या मी मुळीच विरोधात नाही. बायकोचं वय अडतीसच्या पुढे असेल तर उलट आययूआयमध्ये वेळ घालवू नका असंच मी सांगेन. ३८ ते ४२ वयाच्या बायकांचा वेगळा अभ्यास झालाय, दोन सायकलनंतर आयव्हीएफवाल्यांत ३१ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेन आणि आययूआयवाल्यांत १६ टक्के. त्या वयात सहा महिने म्हणजे फार. पण सत्तावीस वर्षांच्या पोरीला तोच घाईचा धाक घालायचा, आंब्याच्या पुढच्या सीझनवर उचल काढायला लावायची आणि एका सायकलचे दीड-दोन लाख भरून घ्यायचे, हे मला पटत नाही. त्यात इक्सी (एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडणं) करा म्हणजे खात्री जास्त असंही सांगतात. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर तसं नाही, व्हिएतनाममध्ये १०६४ जोडप्यांत इक्सी आणि साधं आयव्हीएफ समोरासमोर ठेवून बघितलं, विशेष फरक निघाला नाही. इक्सीचे वेगळे पैसे मागितले तर ते कशासाठी हे विचारा.

आणि हे विचारणं म्हणजे डॉक्टरांशी उद्धटपणा नव्हे. २०२१ च्या एआरटी कायद्यातच (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) आहे की यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, औषधांचे दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं जोडप्याला समजावून सांगायचं, विचार करून ठरवायला मदत करायची आणि केंद्राची नोंदणीही हवी. शिबिराच्या मांडवात दहा मिनिटांत सही घेऊन हे होतं का?

खर्चापेक्षाही जास्त दमवतात त्या चकरा. आययूआयच्या सायकलमध्ये नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे स्त्रीबीजाची वाढ बघायची सोनोग्राफी, मग ते सुटावं म्हणून ट्रिगरचं इंजेक्शन, साधारण ३६ तासांनी आययूआय. एवढ्यासाठी देवगडची मुलगी एसटीने कोल्हापूरला किती वेळा जाणार, आणि घरी दरवेळी काय सांगून निघणार? खरं तर सोनोग्राफी तालुक्याला होऊ शकते. सीमेन वॉश (वीर्य धुणं) करायला सेंट्रीफ्यूज, मायक्रोस्कोप, स्वच्छ खोली आणि शिकलेला माणूस लागतो, आयव्हीएफसारखी मोठी लॅब लागत नाही. गोवा मेडिकल कॉलेजने सरकारी आयव्हीएफ सुरू केलं, मुंबईला कामा हॉस्पिटलमध्येही झालं, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे निदान आययूआय नियमित आणि परवडेल अशा दरात मिळायला काय हरकत आहे? आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी, बायकोच्या नळ्यांपर्यंत सगळं तपासून झाल्यावर शेवटी नाही. आमच्याकडे आजही नवरा बाहेर बाईकवर बसून राहतो आणि बायको आत फाईल घेऊन येते.

आमच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या तिन्ही जिल्ह्यांतल्या नोंदणीकृत एआरटी केंद्रांची यादी जिल्हा आरोग्य विभागाकडून घेऊन तुमच्या कोकण आवृत्तीत छापा, आययूआय कुठे होतं आणि दर काय हेही त्यात असू द्या. जमलं तर गणपतीच्या आधी, तेव्हा नवरा-बायको दोघंही गावात असतात.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, कणकवली