रामसेंच्या सिनेमांना नुसतं स्वस्त आणि भडक म्हणून सोडून देऊ नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत भयपटांवर लेख आला, त्यात रामसे बंधूंना दोन ओळीत उडवून लावलंय. स्वस्त, भडक, विषय संपला. स्वस्त होते, भडक पण होते, पण मग लोक तिकीट काढून का जायचे याबद्दल लेखात एक शब्द नाही, म्हणून हे पत्र.

फतेहचंद रामसेंचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबईत येऊन लॅमिंग्टन रोडला परत दुकान टाकलं आणि मग सिनेमा काढायचा नाद लागला. 1970 चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' सपशेल पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा लावून म्युझियममध्ये चोरी करायला शिरतात असा एक सीन आहे, आणि फतेहचंदांच्या मुलांनी, म्हणजे याच रामसे बंधूंनी, थिएटरात बसून बघितलं की त्याच सीनला पब्लिक दचकतंय, बाकी कशाचं कुणाला काही पडलेलं नाही. त्यांचा पुढचा सगळा धंदा या एका निरीक्षणावर उभा राहिला. पब्लिककडे इतकं नीट बघणारे निर्माते आज किती आहेत सांगा.

मग 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे'. अख्खं खटलं महाबळेश्वरला नेलं आणि साडेतीन लाखांच्या आसपास सिनेमा पुरा केला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण साऊंड, अर्जुन एडिटिंग, कुमार लिखाण, केशू प्रॉडक्शन आणि युनिटचा स्वयंपाक घरातल्या बायकांकडे. सेट लावायला पैसे नाहीत म्हणून खऱ्या जागा शोधायच्या, आणि माझ्या मते तिथेच ते जिंकले. 'पुराना मंदिर' (1984) मधली हवेली म्हणजे आमच्या मुरुडचा नवाबाचा राजवाडा, अलिबागहून येताना रस्त्यावरून दिसतो तोच. त्या जिन्यांना आणि भिंतींना जे वय आहे ते कुठल्याही आर्ट डायरेक्टरला रंग फासून आणता येणार नाही, आणि गंगू रामसेंनी त्यावर लाल निळे हिरवे दिवे मारून धूर सोडला की अंगावर काटा यायचाच.

आता त्यातली गोष्ट बघा. राजानं सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं, धड मंदिरामागे पुरलं, मुंडकं पेटीत बंद करून हवेलीत ठेवलं, पण मरताना त्यानं शाप दिला की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणून दोनशे वर्षांनी एक बाप पोरीला प्रेमलग्न करू देत नाहीये. आम्ही हा सिनेमा जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये बघितला, माझ्या पुढे बायका लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या आणि त्या सीनला सगळा तंबू चिडीचूप. तेव्हा खेड्यात बाळंतपणात बाई जाणं ही ऐकीव गोष्ट नव्हती हो, प्रत्येक भावकीत एखादी असायचीच. मोठ्या बजेटच्या सिनेमात ही भीती कुणी दाखवत नव्हतं. रामसेंनी दाखवली, रबरी मुखवटे आणि लाल रंग घेऊन का होईना.

आंघोळीचे सीन, अर्धवट कपड्यातल्या हिरोइनी, हे सगळं तिकिटं खपवायला घातलेलं होतं आणि ते मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. मधेच घुसडलेली जगदीपची 'शोले'छाप कॉमेडीही लांबते. पण म्हणून बाकीचं काम फेकून द्यायचं का?

सामरी झालेले अजय अगरवाल रुरकीला शिकलेले इंजिनिअर. त्यांना नुसतं उभं केलं तरी पोरं डोळे झाकायची. पुढे 'बॅन्डिट क्वीन'मधला डाकू बाबू गुज्जर पण त्यांनीच केला, तिथे त्यांना कुणी बी ग्रेड म्हटलं नाही. 1993 ला टीव्हीवर रामसेंनी केलेला 'झी हॉरर शो' आला तेव्हा ते घराघरात पोचले, आणि आज ओटीटीवर हॉरर बनवणाऱ्या पिढीनं लहानपणी गोधडीत तोंड लपवून तेच बघितलंय.

तुलसी 2018 ला गेले, श्याम 2019 ला, गंगू 2024 ला. परदेशातल्या मोंडो मकाब्रो या कंपनीनं 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' डीव्हीडीवर काढले, तिकडचे लोक ते आवडीनं बघतात, आणि आपल्याकडे नेटवर बघायला गेलं तर रंग उडालेल्या, कडा कापलेल्या कॉप्या. पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, त्यांनी या सिनेमांच्या निगेटिव्ह शोधून नीट साफ करून घ्याव्यात आणि एखाद्या फेस्टिव्हलला मोठ्या पडद्यावर दाखवाव्यात. त्या युनिटमधले लाइटवाले, मेकअपवाले जे कुणी अजून आहेत त्यांच्याकडे तुमच्या पेपरनं वार्ताहर पाठवावा आणि ते दिवे, तो धूर, ते मुखवटे नक्की कसे करायचे ते लिहून घ्यावं. पुरवणीचं एक पान त्याला द्या, आम्ही वाट बघतोय.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग