वाटी आपोआप पडली!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि सध्या घरात त्याचंच व्याकरण चालतं. 'केलं' नाही, 'करलं'. 'बाबा गेला' नाही, 'बाबा जाला'. आजी लगेच सुधारायला जातात, पण मला तर त्यात त्याचं डोकं दिसतं, कारण 'करलं' आमच्याकडे कुणीच बोलत नाही, म्हणजे 'बसला', 'पडला' ऐकून नियम त्याने स्वतःच काढलाय ना! दिवसभर माझ्यासोबत असतो म्हणून 'मी येते, मी जेवते' पण चालू असतं (खालचे काका हसतात, हसू देत).

परवा वरणभाताची वाटी उलटी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, 'वाटी पडली.' पाडली नाही हां, पडली!

आणि प्लेस्कूलच्या मॅडम म्हणतात घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर कन्फ्यूज होईल. अहो, शेजारची तीन वर्षांची मुलगी आईशी गुजराती, आमच्याशी मराठी आणि लिफ्टमध्ये हिंदी बोलते, ती कुठे कन्फ्यूज झालीये? तुमच्या पुरवणीत एखाद्या भाषातज्ज्ञांना यावर लिहायला सांगा, कात्रण मॅडमना नेऊन देईन.

— एक आई, डोंबिवली