रोजच्या अंकात भरतीची वेळ हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, पुण्याची माझी भाची दोन मुलांना घेऊन रत्नागिरीला आली होती. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग असे सगळे एका दिवसात पाहायचे, असा तिचा बेत होता आणि तो तिने पारही पाडला. शेवटी सहाच्या सुमारास आम्ही मांडवीला पोचलो, तेव्हा समोरची काळी ओली वाळू पाहून धाकट्याने विचारले, "मावशीआजी, समुद्र कुठे गेला?" मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. नुकतीच अमावस्या झाली होती, पाणी पूर्ण सुकले होते, आणि त्याने दुपारी गडावरून पाहिलेला भरलेला समुद्र आता लांब मागे सरकला होता. यादीतली सगळी ठिकाणे त्याने पाहिली, पण ज्यावर हे शहर उठते-बसते ती गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

रत्नागिरीत राहण्याचे सुख मला विचाराल, तर ते पाण्याच्या वेळेशी बांधलेले आहे. आमच्याकडे जुनी माणसे घड्याळाआधी तिथी पाहतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी मांडवीला फिरायला जाणाऱ्याला चालायला ऐसपैस वाळू मिळते, तर अष्टमीला भांगाची, म्हणजे लहान, भरती असल्याने पाणी फार चढत नसले तरी जेटीवर बसून दिवे लागेपर्यंत भरलेला समुद्र पाहता येतो. एकाच जागेची ही दोन रूपे आहेत, आणि आज आपल्याला कोणते भेटणार हे ठाऊक असण्यात मोठा आनंद आहे.

स्वयंपाकघराचेही तसेच. राजिवड्याच्या होड्यांना खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळामुळे आत यायला पुरेसे पाणी लागते, त्यामुळे होडी कधी लागेल आणि मासळीची पाटी दारात कधी येईल, याचा अंदाज भरतीवरूनच बांधावा लागतो. उलट कालवे हवी असतील तर ओहोटीच हवी. खडक उघडे पडले की बायका कोयती घेऊन वाकतात, शिंपल्याच्या फटीत टोक घालून तो उघडतात आणि आतला मऊ गर भांड्यात टाकतात. तासन्‌तास हे काम चालते आणि पाणी घोट्याला लागले की त्या मुकाट्याने उठतात. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या मावशी "आज पाणी लवकर भरलं" एवढेच म्हणतात. भांड्यात वाटा लहान का दिसतो, ते मला त्यावरून कळते.

थिबा राजवाड्याकडे तर मी नेहमीच या नजरेने पाहते. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच स्थानबद्ध ठेवले. राजवाडा १९१० चा. त्या उंचवट्यावरून भाट्याची खाडी दिसते. तीस वर्षे परक्या मुलुखात काढलेल्या त्या माणसाने खाडीचे पाणी भरताना आणि उतरताना किती वेळा पाहिले असेल, हा विचार आजही माझ्या मनाला चटका लावतो. पाहुण्यांना राजवाड्याच्या दालनांबरोबर हे पाणीही दाखवावे, असे मला फार वाटते.

आता विनंती. १८२८ साली स्थापन झालेल्या आमच्या जिल्हा नगर वाचनालयात मी नियमाने वर्तमानपत्रे वाचते. आपल्या अंकात सूर्योदय, सूर्यास्त आणि पंचांग असते, सोन्याचा भावही असतो, पण किनाऱ्यावरच्या आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा मात्र नसतात. तिथीचे गणित नव्या पिढीला येत नाही आणि बाहेरून आलेल्यांना ते ठाऊक असण्याचे कारणच नाही. ओहोटीला खडकांवर दूर गेलेले पाहुणे पाणी भरू लागले तरी फोटो काढत उभे राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. एकदा तर आम्हा चार-पाच जणांना हाका मारून एका कुटुंबाला मागे बोलवावे लागले. ज्येष्ठ-आषाढात उधाणाची भरती आणि वारा एकत्र आले की मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटा कशा आदळतात, हे तर आपल्या वार्ताहरांना सांगायला नकोच.

सूर्यास्ताच्या वेळेखाली दोन ओळींची जागा पुरेल: दोन भरत्या, दोन ओहोट्या. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीचे दिवस ठळक अक्षरांत द्यावेत. भाची मे महिन्यात मुलांना घेऊन पुन्हा येणार आहे. तोवर या दोन ओळी छापून येऊ लागल्या, तर त्या दिवसाचा बेत धाकट्यालाच अंकात पाहून ठरवायला सांगेन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी