सुधीर, सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे वाच

कोल्हापूर,
७ एप्रिल २०२४

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलंस, "अ‍ॅडोबी सोडून सगळी मशीनं अ‍ॅफिनिटीवर नेऊ का?" आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. मनाला लागून राहिलं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, निवडणुकीच्या पत्रकांची घाई, त्यात प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींचा आकडा नीट आलाय का हे मी स्वतः बघतो. आज रविवार, प्रेस बंद आहे. परवा पाडवा, तेव्हा वेळ मिळायचा नाही. म्हणून सविस्तरच लिहितो.

नारायण पेठेतला तो पोटमाळा आठवतो ना? १९९५ साल. तू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बापाचा मुलगा, मी नुसता टायपिंगची परीक्षा पास झालेला, आणि दोघांत मिळून एक कॉम्प्युटर. पानं जुळवायचं पेजमेकर आपण त्यावरच शिकलो. ते ज्या आल्डस कंपनीने काढलं होतं, ती आदल्याच वर्षी अ‍ॅडोबीने विकत घेतली होती, हे तेव्हा आपल्या गावीही नव्हतं. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी झेरॉक्सची नोकरी सोडून १९८२ साली अ‍ॅडोबी कंपनी काढली आणि वॉरनॉकच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव तिला दिलं. त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा. अक्षर ठिपक्यांनी न सांगता त्याच्या कडांची वळणं गणिताने सांगायची. मग तेच पान टेबलावरच्या इंचाला ३०० ठिपक्यांच्या लेझर प्रिंटरवर काढा नाहीतर छपाईची फिल्म काढायच्या मोठ्या मशीनवर, अक्षराची कड साफच येणार. आपला सगळा धंदा या एका कल्पनेवर उभा राहिला असं मी मानतो. गेल्या ऑगस्टमध्ये वॉरनॉक गेले, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. गेश्की त्याआधी दोन वर्षं गेले होते.

पण तुला उत्तर द्यायचं तर क्वार्कची गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत पानं जुळवायला क्वार्क एक्स्प्रेस होतं, आणि ते येणारा ऑपरेटर आपल्यापेक्षा जास्त पगार घ्यायचा. मासिकं, वर्तमानपत्रं, जाहिराती, जगभर क्वार्कचंच राज्य. पेजमेकर मागे पडत चाललेलं. क्वार्कची हिंमत इतकी वाढली की १९९८ साली त्यांनी अ‍ॅडोबीलाच विकत घ्यायची तयारी दाखवली! अ‍ॅडोबीने ते धुडकावलं आणि पुढच्याच वर्षी पानं जुळवायचं नवं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, बाजारात आणलं. पहिली आवृत्ती कच्ची होती, जड होती, फारसं कुणी घेतली नाही. पण ती माणसं थांबली नाहीत. अ‍ॅपलने मॅकसाठी नवी प्रणाली आणली, तेव्हा २००२ च्या सुरुवातीला इनडिझाइन तिच्यावर चालायला लागलं. क्वार्कला त्यासाठी २००३ उजाडलं. तेवढ्या दीड वर्षात संपादक, कलादिग्दर्शक, छापखाने सगळे फुटले. फोटोंचं फोटोशॉप आणि रेखाटनांचं इलस्ट्रेटर अ‍ॅडोबीकडे होतेच. तिन्ही एका खोक्यात घालून एका दरात दिले, आणि क्वार्कचा पाय घसरला तो घसरलाच.

क्वार्क हरलं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आज वाटतं. समोर क्वार्क होतं म्हणून इनडिझाइन इतकं चांगलं झालं. सुधीर, मला जे सांगायचंय ते हेच. समोर तोलामोलाचा गडी असेपर्यंतच मोठी कंपनी आपल्यासारख्यांचं ऐकते.

आपल्या मराठीचंच बघ. आपण वर्षानुवर्षं ज्या फॉन्टांवर काम केलं, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. म्हणून तर तुझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, पुस्तकाला तो फटका बसला. १९९९ चा मे महिना. फिल्म काढून आणली, आप्पांनी ती काचेच्या टेबलावर ठेवली, खालचा दिवा लावला आणि भिंग घेऊन वाचायला बसले. तिसऱ्याच ओळीत म्हणाले, "बाळ्या, वर्षाचं वष झालंय." फिल्म जिथे काढली तिथल्या फॉन्टची आवृत्ती वेगळी होती, आणि अख्ख्या फर्म्यातले, म्हणजे एकत्र छापायच्या सगळ्या पानांतले, रफार उडाले होते. धर्म म्हणजे धम, अर्थ म्हणजे अथ. पुन्हा फिल्म काढायला पैसे नव्हते. तू घरच्या लेझरवर नुसते रफार ट्रेसिंग पेपरवर काढलेस, आप्पांनी ब्लेडने एकेक कापला आणि चिमट्याने धरून जागच्या जागी चिकटवला. दोन रात्री. ज्यांनी चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, त्यांचा हात त्या काचेवर जराही हलला नाही. मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुंदर काम ते.

म्हणून २०१२ साली त्या इनडिझाइनच्या खोक्याची नवी आवृत्ती, सीएस६, आली, त्यात देवनागरीसह भारतीय लिप्यांची नीट जुळणी आली, सोबत अ‍ॅडोबी देवनागरी नावाचा फॉन्टही आला, तेव्हा मी पहिला शब्द टाइप केला तो 'कर्तृत्व'. त्यावर रफार बसला, खाली ऋकार बसला, त ला व नीट जुळला. युनिकोडमध्ये, सगळ्या मशीनना समजणाऱ्या एकाच संकेतात. म्हणजे तो शब्द दुसऱ्या मशीनवर नेला तरी कर्तृत्वच राहणार. मी उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, परत येऊन पुन्हा बघितला. आप्पा तेव्हा असायला हवे होते.

पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, कंपनीने जाहीर केलं की आता खोकं विकत मिळणार नाही, महिन्याचं भाडं भरा. धंदा म्हणून त्यांनी फार मोठा डाव जिंकला, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख शंतनू नारायण यांचं नाव त्यामुळेच झालं. पण चार मशीनच्या छापखान्याला एकदाच पैसे भरून वस्तू आपली करून घेणं परवडतं, दर महिन्याचं बांधील होणं जड जातं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसरीकडे जाणार कुठे, हेही त्यांना कळत होतं.

ती दुसरी जागा नंतर निर्माण झाली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीने अ‍ॅफिनिटी आणलं, एकदाच पैसे भरायचे. सिडनीच्या कॅनव्हाने तर लग्नपत्रिका घरोघरी नेल्या. मेलनी पर्किन्स या मुलीने आधी शाळांच्या वार्षिक अंकांसाठी सॉफ्टवेअर काढलं होतं, कारण विद्यार्थ्यांना डिझाइनची अवजड सॉफ्टवेअरं शिकवताना ती दमून गेली होती. आपण दोघांनी किती शाळांच्या स्मरणिका केल्या! त्यातूनही एवढी कंपनी उभी राहते, हे मला फार आवडतं. आणि अ‍ॅप, वेबसाइटच्या डिझाइनमध्ये फिग्मा इतकं पुढे गेलं की २०२२ च्या सप्टेंबरात अ‍ॅडोबीने ते २० अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. ब्रिटन आणि युरोपच्या स्पर्धा आयोगांनी हरकत घेतली, गेल्या डिसेंबरात सौदा मोडला, आणि अ‍ॅडोबीला फिग्माला १ अब्ज डॉलर द्यावे लागले. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. अ‍ॅडोबीचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. समोरचा गडी मैदानात राहिला म्हणून.

आता तुझी अ‍ॅफिनिटी. २६ मार्चला कॅनव्हाने ती विकत घेतली हे तू वाचलंच असशील. एकदाच पैसे भरून घेण्याची सोय कायम राहील असा शब्द त्यांनी लगेच दिलाय. तो पाळला तर छानच. पण आजच्या घडीला, एप्रिल २०२४ मध्ये, अ‍ॅफिनिटीत देवनागरी जुळत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात. तेव्हा मिठाईची खोकी, लेबलं, फोटोकाम, रेखाटनं यासाठी दोन मशीनवर अ‍ॅफिनिटी खुशाल घे. पुस्तकाच्या मशीनवरचं इनडिझाइन मात्र काढू नकोस. आणि मॅटर कुठलंही असो, युनिकोडमध्येच ठेव, म्हणजे उद्या कुणीही जिंकलं तरी मजकूर आपला राहील.

चित्रं स्वतः तयार करणाऱ्या अ‍ॅडोबीच्या फायरफ्लाय या एआय साधनाबद्दलही तू विचारलं होतंस. गेल्या वर्षी आलं, आणि फोटोशॉपमध्ये रिकामी जागा निवडून "भर" म्हटलं की भरतं. कंपनीच्या स्वतःच्या चित्रसाठ्यातल्या आणि हक्कमुक्त चित्रांवर ते शिकवलंय असं कंपनी सांगते, धंद्याच्या कामाला हे महत्त्वाचं. भिंती, आभाळ, गवत वाढवायला ही साधनं उत्तम, तास वाचतात. पण महिन्यापूर्वी एका गुरुजींचा फाटका फोटो आला, डावा खांदा गेलेला. अशाच एका साधनाला मी ती जागा भरायला सांगितली. त्याने कोट घातलेला सुरेख खांदा काढला. गुरुजी जन्मभर खादीचा सदरा घालायचे. तो काढून टाकला, उजव्या खांद्यावरून कापडाचे धागे घेत फोटोशॉपच्या क्लोन साधनाने हळूहळू भरला. संध्याकाळ गेली, पण सदरा सदराच राहिला.

एक काम कर. आप्पांच्या पुस्तकाची सीडी तुझ्या कपाटात असेल, पेजमेकर ६.५ ची. नव्या इनडिझाइनमध्ये ती फाइल उघडत नाही, सीएस६ मध्ये उघडते. सीएस६ असलेलं माझं जुनं मशीन मी याचसाठी जपून ठेवलंय. कुरियर नको, पाडव्यानंतर तूच घेऊन ये. मी मजकूर युनिकोडमध्ये आणतो, प्रूफ तू वाच. रफार एकेक तपासू.

वहिनींना नमस्कार, तेजूला आशीर्वाद.

तुझा,
बाळू