मुख्य परीक्षेचं काय झालं? साडेआठच्या मालिकेबद्दल तक्रार

दि. १७ जानेवारी २०२६
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि कार्यक्रम विभाग प्रमुख,
मनोरंजन वाहिनी, मुंबई

विषय : सोमवार ते शनिवार रात्री ८.३० वाजता लागणाऱ्या मालिकेत नायिकेची राज्यसेवा मुख्य परीक्षा मध्येच सोडून दिल्याबद्दल.

महोदय / महोदया,

सदाशिव पेठेत गेली १९ वर्षं मी मुलींसाठी मेस चालवते. सध्या ४२ मुली जेवायला असतात. चार-पाच नर्सिंगच्या सोडल्या तर बाकी सगळ्या स्पर्धा परीक्षेवाल्या. सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसतात त्या रात्री आठच्या सुमाराला जेवायलाच उठतात. आमच्या हॉलमध्ये एक टीव्ही आहे आणि गुढीपाडव्यापासून तो साडेआठला तुमच्या वाहिनीवर लागत होता. त्याआधी मुली ताट वाढून घेत, मोबाइलमध्ये बघत खात आणि निघून जात. तुमची मालिका सुरू झाल्यावर त्या एकत्र बसू लागल्या. पोळ्या करणाऱ्या मावशीही साडेआठला गॅस बारीक करून दारात येऊन उभ्या राहायच्या.

मालिकेची नायिका भोर तालुक्यातल्या एका वाडीतून पुण्याला राज्यसेवेचा अभ्यास करायला आलेली. आमच्याकडे तिला कुणी नावाने म्हणतच नव्हतं. ती आमची 'भोरवाली'. 'आज भोरवालीचा सीसॅटचा पेपर आहे, काकू, लवकर वाढा,' असं मुली मला सांगायच्या. (सीसॅट म्हणजे पूर्व परीक्षेतलाच एक पेपर.)

पहिले सात महिने ही मालिका फार मनापासून बनवलेली होती, हे मला आधी सांगायचं आहे. अभ्यासिकेतल्या लाकडी खणांत जागा धरायला खुर्चीला बांधलेली ओढणी, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना आधीच्या मालकिणीने पेन्सिलीने केलेल्या खुणा बघून भाव करणं, रूमवर तिघींत एक बादली, महिनाअखेरीला मेसचा एक वेळचा डबा बंद करून दोघींनी एकात भागवणं, हे सगळं तुम्ही दाखवलंत. हे कुणीतरी इथे येऊन, बसून, बघून लिहिलेलं होतं. परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलल्याचा भाग लागला तेव्हा हॉलमध्ये कुणीही जेवत नव्हतं. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे गेली आणि मुलं नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर उतरली, ती संध्याकाळ मी पाहिली आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यसेवेची पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हाही पोरं रस्त्यावर बसली होती. दोन्ही वेळा माझ्याकडच्या मुली रात्री उशिरा आल्या, ताटं झाकून ठेवली होती. तुमच्या भागात भोरवाली रिकाम्या अभ्यासिकेत नुसती बसून राहते आणि वॉचमनकाका पंखा बंद करायला येऊन परत जातात. त्यात एकही संवाद नव्हता. तो भाग लिहिणाऱ्याला मी मनातून नमस्कार केला होता.

पण माझ्या तक्रारीचं मूळ आहे ते शेंगदाण्यांच्या प्रसंगात. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

भोरवालीचे वडील स्वारगेटला तिला भेटायला येतात. पूर्व परीक्षा पास झाली म्हणजे साहेबीण झाली असं त्यांना वाटतं. गावात पेढे वाटून आलेले असतात. ती त्यांना बाकावर बसवते, कागदाच्या पुडीतले शेंगदाणे काढून तीन ढीग करते आणि समजावते : ही पूर्व, हे नुसतं दार, याचे गुण शेवटी धरतच नाहीत. ही मुख्य, १७५० गुणांची, आणि आता ती लिहून द्यायची, गोल काळे करून नाही. ही मुलाखत, २७५ ची. दोन्ही मिळून २०२५. वडील बराच वेळ त्या ढिगांकडे बघतात आणि मधल्या मोठ्या ढिगावर हात ठेवून म्हणतात, 'म्हंजे अजून हे सगळं बाकी हाय.'

माझ्याकडे सांगली जिल्ह्यातल्या जतजवळची एक मुलगी आहे. तिसरा प्रयत्न. तिच्या वडिलांचा दर आठवड्याला फोन यायचा आणि दर वेळी एकच प्रश्न असायचा, 'झालीस का पास?' ती काही सांगायला जायची, त्यांना समजायचं नाही, मग दोघंही गप्प व्हायची. हा भाग त्यांनी गावी पाहिला. दुसऱ्या दिवशी फोन आला तो असा : 'तुझा कंचा ढीग चाललाय गं?' ती मुलगी जिन्यात उभी राहून रडली आणि मग वर येऊन मला सांगितलं. त्यानंतर ते दोघं रोज नऊ वाजता, मालिका संपली की बोलायचे. भोरवालीला काय अडलं ते ती सांगायची आणि त्यातूनच आपलं काय अडलं तेही सांगायची. असं एकाच घरात झालं नाही. गडहिंग्लजच्या मुलीची आई, हिंगोलीच्या मुलीचा भाऊ, सगळे बघत होते. या मुलींना चार-चार वर्षांत घरच्यांना जे समजावता आलं नव्हतं, ते तुमच्या मालिकेने एका संध्याकाळी समजावलं. यासाठी मी आजही तुमची ऋणी आहे.

आता पुढचं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी भोरवालीने प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, दोन काळी पेनं कागदावर चालवून बघितली, वडिलांचं घड्याळ उशाशी ठेवलं. लिहून लिहून सुजलेल्या बोटाला तिने चिकटपट्टी गुंडाळली. सबंध आठवडाभर तुम्ही प्रोमो दाखवत होता, 'आता होणार तिची खरी परीक्षा'. रविवारी दोन तासांचा महाएपिसोड होता. रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असते. मी हॉल उघडा ठेवला, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, पापड भाजले. माझ्याकडे न जेवणाऱ्या मुलीही मैत्रिणींबरोबर आल्या होत्या.

त्या भागात भोरवाली केंद्राच्या फाटकापर्यंत जाते. नायकाची आजी पडल्याचा फोन येतो आणि ती मागे फिरते. उरलेला दीड तास दवाखाना, आजीची शेवटची इच्छा आणि साखरपुडा. पुढच्या आठवड्यात हळद, मग लग्न, मग पडद्यावर अक्षरं आली, 'पाच वर्षांनंतर'. आता ती मुंबईतल्या बंगल्यात राहते, जाऊ तिच्या दुधात काहीतरी कालवते, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी बाई येणार असल्याचे प्रोमो सुरू आहेत.

नायिकेचं लग्न झालं म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. माझ्याकडच्या कितीतरी मुलींची लग्नं झाली, दोघींची बोलणी माझ्याच हॉलमध्ये झाली. ती नापास झाली असती तरी मी लिहिलं नसतं. नापास होणं आम्हाला नवीन नाही. दोन गुणांनी राहिलेल्या मुलीच्या पानात वाढण्याची मला सवय आहे. तिला परीक्षेपेक्षा आजी महत्त्वाची वाटली असती, तेही पटलं असतं. पण त्यानंतर कोणीही, एकदाही, त्या परीक्षेचं नाव काढलेलं नाही. ती स्वतः नाही, नवरा नाही, मैत्रिणी नाहीत. वडील तर मालिकेतूनच गेले, मुलीच्या लग्नातही दिसले नाहीत. ज्या माणसाने म्हैस विकून तिला पुण्याला पाठवलं, त्याने 'पेपर कसा गेला' एवढंही विचारू नये? फाटकातून परत आलेली मुलगी त्या रात्री झोपली कशी, पुढचा प्रयत्न केला का, वय संपलं का, यातलं काहीच नाही. मुख्य परीक्षा जणू कधी नव्हतीच.

लग्नाचे भाग झाल्यावर जतहून फोन आला. ती मुलगी स्पीकरवर ठेवून जेवत होती, त्यामुळे मीही ऐकलं. 'बघितलंस का, तिनं बी लगीन केलंच की शेवटी. चांगलं घर मिळालं तिला. आपन बी बघू या का आता?' वडील वाईट नाहीत. ज्या मालिकेने त्यांना तीन ढीग समजावले, तिच्यावरच त्यांचा विश्वास बसला होता. आता त्याच मालिकेने त्यांना सांगितलं की मधला ढीग तसाच टाकून उठलं तरी चालतं, त्याची आठवणसुद्धा कुणाला राहत नाही. ती मुलगी डिसेंबरात सामान बांधून गावी गेली. याला एकटी तुमची मालिका जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही, घरात पैशाची अडचणही होती. पण तिच्या वडिलांच्या तोंडी आलेलं उदाहरण तुमचं होतं.

गोष्ट का वळवली असेल, याचा अंदाज मला आहे. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर ट्रॅक बदलतात, हे आता सगळे प्रेक्षक जाणतात. अभ्यासापेक्षा लग्नाला आकडे जास्त मिळाले असतील. पण हे आकडे काढणाऱ्या 'बार्क' या संस्थेची मोजणीची यंत्रं साऱ्या देशात जेमतेम पन्नास-साठ हजार घरांत असतात. एका टीव्हीसमोर ४२ ताटं मांडून बसलेला माझा हॉल त्यात नाही. पेठेतल्या रूमवर एका मोबाइलभोवती बसणाऱ्या चौघीही त्यात नाहीत. या मुली तुमच्या हिशेबात येत नसतील, पण तुमची मालिका त्यांच्याच नावावर उभी राहिली होती.

लेखकांवर माझा राग नाही. रोज एक भाग लिहून द्यायचा म्हणजे काय, ते रोज ४२ जणींना रांधणारीला कळतं. एखाद्या दिवशी आमटी पातळ होते, एखाद्या दिवशी नट आजारी पडतो. चेहरे बदललेले, महिनाभर एकाच दिवाणखान्यात चाललेले भाग मराठी प्रेक्षकांनी नेहमीच पोटात घातले आहेत. २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा आम्ही जुनेच भाग पुन्हा बघितले आणि वाट पाहिली. पण सात महिने जे ताटात वाढत होता, ते उचलून नेताना निदान तोंडाने सांगायला हवं होतं.

माझ्याकडची कायद्याची पदवी घेतलेली एक मुलगी आहे. तिने मला केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधली कार्यक्रम संहिता काढून दाखवली. स्त्रियांना सकारात्मक, नेतृत्वाच्या भूमिकेत दाखवणारे कार्यक्रम देण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलेलं आहे. तसा कार्यक्रम तुमच्या हातात होता. माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लक्ष्मी रस्त्याला, रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेलं सेवासदन आहे. घरातल्या बायकांची बोलणी खात त्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांच्या आयुष्यावरची मालिका २०१२ मध्ये मराठीतच आली होती आणि माझ्या सासूबाईंनी ती एक दिवस चुकवली नाही. तेव्हा शिकणाऱ्या बाईची गोष्ट लोक बघत नाहीत, असं मला कुणी सांगू नये.

मी तुमच्या मदत क्रमांकावर तीन वेळा फोन केला. 'आपला अभिप्राय नोंदवला आहे' असं उत्तर मिळालं. ई-मेललाही तेच ठरलेलं उत्तर आलं. याच केबल नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो, हेही त्याच मुलीने मला दाखवलं. गोष्ट अर्धवट सोडणं हा संहितेचा भंग ठरतो की नाही, ते तुम्ही ठरवा; उत्तर मात्र मला लेखी हवं आहे. तुमच्या वाहिनीचे पैसे मी दरमहा भरते आणि ते मेसच्या हिशेबात वेगळे लिहिते.

मागणं एकच आहे. त्या परीक्षेचं काय झालं ते मालिकेत दाखवा. पाच वर्षं परत फिरवायची गरज नाही. बंगल्यात एखाद्या दुपारी तिला जुनं प्रवेशपत्र सापडू दे. वडिलांना एकदा तिच्या दारात येऊ दे आणि विचारू दे. ती म्हणू दे, 'दिलीच नाही, बाबा,' आणि मग त्या दोघांना काय वाटतं ते लिहा. किंवा पुढच्या वर्षी देऊन ती नापास झाली, असं दाखवा. तुमच्या लेखकांना ते जमतं, शेंगदाणे त्यांनीच मांडले होते. आणि या मुलींच्या परीक्षेचं नाव घेऊन पुन्हा प्रोमो करणार असाल, तर त्या आठवड्यात पेपर खरोखर होऊ दे.

सध्या साडेआठला आमचा टीव्ही बंद असतो. मुली पुन्हा मोबाइलमध्ये बघत जेवतात. तो भाग कधी दाखवणार ते ठरलं की तारीख आधी कळवा. जतला मी स्वतः फोन करीन. आणि रविवार असला तरी हॉल उघडा ठेवीन.

आपली,
मेसचालक व नियमित प्रेक्षक
(नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक सोबतच्या अर्जात दिला आहे. अर्जावर मेसमधल्या ३८ मुलींच्या सह्या आहेत.)